चंद्रप्पांचं दावं

“म्हण, मी तिकडं येणार न्हाई,” चंद्रप्पा नुसते ओठ हलवून म्हणाले.

“मी तिकडं येणार नाही,” रुद्राणी फोनमध्ये म्हणाली. आवाजात जरासं रडूही आणलं. स्पीकर चालू होता, त्यामुळं मेलबर्नहून शिवप्रकाशनं टाकलेला सुस्कारा अख्ख्या दुकानात ऐकू आला.

“अगं, नोकरी लागली की मी लगेच...”

“मग नोकरीशीच करा लग्न!” तिनं फोन ठेवला आणि भीत भीत विचारलं, “मामा, जास्त झालं का?”

“जास्त? झकास झालं!” चंद्रप्पांनी मांडीवर थाप मारली. “आता बघ कसा पळत येतो.”

जिंतूरच्या बाजारात चंद्रप्पांचं कापडाचं दुकान, आणि त्या गादीवर बसायला शिवप्रकाश एकटाच. ऑस्ट्रेलियाला जाऊन मास्टर्स करायचं त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा चंद्रप्पांनी अडवलं नाही. पण ते काही दूधखुळे नव्हते. शिकायला म्हणून गेलेली पोरं तिकडंच घर करतात आणि आईबापाला फोनवर नातवंडं दाखवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून पोरगा विमानात बसायच्या आधीच त्यांनी पालमच्या रुद्राणीशी त्याची सुपारी फोडून टाकली. जंगमस्वामींसमोर, सगळ्या सोयऱ्यांसमोर. लग्न शिक्षण झाल्यावर, तेही जिंतुरातच.

“दावं लावल्याबगर वासरू रानात सोडत नसतेत,” असं ते ज्याला त्याला ऐकवायचे.

पोरगीही अशी गुणाची निघाली की विचारू नका. सणावाराला यायची, गादीशेजारी बसून गिऱ्हाइकाला तागे उलगडून दाखवायची. बी.एस्सी. झाली होती, पुढं शिकायची हौस होती. परभणीला इंग्रजीचा क्लास लावायचा म्हणाली तेव्हा तिचा बाप नको म्हणत होता. चंद्रप्पांनीच व्याह्याला दम भरला. “शिकू द्या की हो! लग्न झाल्यावर परभणीतच एम.एस्सी. करंल. आपलं काय बिघडायलंय?”

भागम्मा मात्र लेकाच्या काळजीनं निम्मी झाली होती. “एकदा त्याला डोळे भरून बघू द्या,” म्हणायची. “लेकराच्या मनासारखं होऊ द्या.” बायकोसाठी तरी पोराला ओढून आणायचंच, असं चंद्रप्पांनी ठरवलं होतं.

आणि आला की पोरगा! त्या फोननंतर महिनाही गेला नाही. बापाच्या पाया पडून म्हणाला, “अप्पा, तुमच्यापुढं कुणाचं चालतंय?”

लग्न थाटात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. अंगाची हळद निघाली नव्हती तोवर रुद्राणी म्हणाली, “मामा, नगरपरिषदेत नोंद करून टाकू. कागद पक्का झालेला बरा.” चंद्रप्पा खुदकन हसले. आपण एक गाठ मारली, सुनेनं वर दुसरी मारली! त्यांनी स्वतः पुढं होऊन साक्षीदाराची सही ठोकली.

मग दिवस कसे मजेत गेले. शिवप्रकाश सकाळी विभूती लावून गादीवर बसायचा, गोड बोलून गिऱ्हाईक राखायचा. चंद्रप्पा जन्मात पहिल्यांदा दुपारी घोरायला लागले. तिकडचं नाव कुणी काढलं तर पोरगाच विषय बदलायचा.

उन्हाळा लागला तेव्हा दोघं परळीला निघाली. वैजनाथाचं दर्शन करून रुद्राणीच्या मावशीकडं दोन दिवस राहायचं होतं. भागम्मानं धपाटे, शेंगाची चटणी, मेतकूट असं बांधून बांधून एक पिशवी गच्च भरली. निघताना दोघांच्या कपाळाला विभूती लावली आणि लेकाला पोटाशी धरून हुंदके द्यायला लागली.

“अगं, परळीला चाललेत. दोन दिवसासाठी काय रडायलीस?” चंद्रप्पा हसले आणि दोघांना एस.टी.त बसवून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. परभणीच्या क्लासच्या राजेश्री मॅडम होत्या.

“मामा, अभिनंदन! तुमच्या सूनबाईचा फोटो आम्ही क्लासच्या बोर्डावर लावतोय. मेलबर्नला एम.एस्सी.! शेजारी तुमचाबी लावू का?”

“कुणाचा? माझ्या सुनेचा? मॅडम, ती परळीला गेलीय.”

“काय मामा, चेष्टा करता का! आज विमान आहे ना दोघांचं? शिवप्रकाशची तिथली मुदत संपत आली होती, नोकरी काही मिळंना. आता बायको शिकायला जाणार म्हटल्यावर तिच्या व्हिसावर नवऱ्याला जाता येतं, कामही करता येतं. म्हणून तर तुम्ही लग्नाची एवढी घाई केली. असा सासरा साऱ्यांना मिळू द्या!”

चंद्रप्पांनी फोन ठेवला. मग ते रडं, ते रुसणं, ते ‘मामा, जास्त झालं का’? याच दुकानात, आपल्या नाकासमोर दोघांनी नाटक केलं, आणि नाटकातले शब्द आपणच सांगत बसलो होतो! असा राग, अशी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. ते तसेच, अनवाणीच घराकडं निघाले.

भागम्मा उंबऱ्यात बसली होती.

“फसवलं गं आपल्याला!” ते ओरडले. “त्या पालमच्या पोरीनं आपला लेक पळवला. माझ्या घरचं खाऊन माझाच गळा कापला तिनं! सटवी कुठली...”

“तिला काही बोलू नका,” भागम्मा शांतपणे म्हणाली. “ती तर तयारच नव्हती. मीच पाया पडले तिच्या.”