कारणाचा रकाना

रसिकाने हातावर सॅनिटायझर घेतलं. बोटांच्या फटींत, अंगठ्याभोवती, मनगटापर्यंत चोळलं आणि हात वाळेपर्यंत थांबली. वीस सेकंद. दाराशी फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या तेजस्वी मॅडमनी घड्याळ बघून बरोबरची खूण केली.

मॅडम मुंबईहून आल्या होत्या. रत्नागिरीच्या या दवाखान्यात कोणती नर्स हात कधी धुते, हातमोजे कधी घालते, हे आज दिवसभर त्या पाहणार होत्या. रसिकाच्या नावापुढे मागच्या पाहणीतल्या दोन फुल्या होत्या. तिसरी पडली असती तर तिचं नोकरीत कायम होणं आणखी एक वर्ष लांबलं असतं.

पाच नंबरच्या खाटेवर गंगाबाई होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताला सलाइन. रक्तदाबाची गोळी त्यांच्या तोंडातच घालावी लागे.

"आ करा, आजी."

"करत्येय गो. सकाळपासून बघत्येय, हात किती वेळा धुतेस. आमच्या सुनेला शिकव जरा." गंगाबाई हसल्या. "तू कुठची?"

"देवरूखाकडची."

"म्हंजे आमच्याच वाटेवरची की. गाव कुठचा?"

रसिकाने गाव सांगितलं.

"वाडी कुठची?"

वाडी सांगितली की आडनाव विचारावं लागत नाही. रसिका गोळीची वाटी धरून उभी होती.

"बौद्धवाडी."

गंगाबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. त्या खिडकीकडे बघू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हातात मोजे घाल गो. हल्ली कसकसले रोग असतात."

रसिकाने दाराकडे पाहिलं. मॅडम तीन नंबरच्या खाटेपाशी फोनवर बोलत होत्या. गोळीची वेळ होऊन गेली होती. तिने खोक्यातून एक जोडी ओढली आणि हातांत चढवली. गंगाबाईंनी तोंड उघडलं.

"सिस्टर, थांबा."

मॅडम फोन खिशात टाकत जवळ आल्या. "गोळी द्यायला ग्लोव्हज? रक्त नाही, जखम नाही. हात आत्ताच धुतलेत ना तुम्ही?"

"हो."

"मग? नियम माहीत नाही?"

"माहीत आहे. आजींना हवेत."

मॅडम गंगाबाईंकडे वळल्या. "आजी, हिचे हात अगदी स्वच्छ आहेत. मी स्वतः पाहिलंय."

"असतील. पन मोजे असूं देत," गंगाबाई म्हणाल्या. "न्हायतर तुमीच द्या."

मॅडमच्या हातात आत्तापर्यंत फोन होता. त्याआधी खाटांमधला पडदा, कठडा, आणि तीन नंबरच्या बाईची लघवीची पिशवी, जी त्यांनी हुकावर नीट अडकवली होती. त्यांनी वाटीतली गोळी दोन बोटांनी उचलली. गंगाबाईंनी लगेच आ केला. बोटं ओठांना लागली. गंगाबाईंनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाल्या, "देव तुमचं बरं करो."

"पण हिच्या हातून का नको?"

गंगाबाईंनी आवाज खाली आणला. "बौद्धवाडीतली हाय ती."

चार नंबरच्या बाईने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मॅडमनी फॉर्म उघडला. 'अनावश्यक हातमोजे' या ओळीवर त्यांचं पेन टेकलं आणि तिथेच थांबलं. त्या ओळीच्या शेवटी कारणाचा एक अरुंद रकाना होता. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'रुग्ण स्वच्छतेबाबत विशेष जागरूक.'

फॉर्म त्यांनी रसिकासमोर धरला. "सही करा. कारण लिहिलंय, म्हणजे फुली करायला नको."

रसिकाने वाचलं. "मॅडम, हे कारण नाही."

"कळतंय मला." मॅडमचा आवाज मऊ झाला होता. "पण दुसरं लिहिलं तर चौकशी होईल. आजींच्या घरचे येऊन भांडतील. त्रास तुम्हालाच. आणि सही नाही केलीत तर मला फुली करावी लागेल. कायम व्हायचंय ना?"

रसिकाने पेनाला हात लावला नाही.

"बघा, या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही."

गंगाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. रसिकाने हातमोजे काढले, आतली बाजू बाहेर करून, एकात एक, शिकवल्याप्रमाणे, आणि लाल पिशवीत टाकले. मग पुन्हा सॅनिटायझर घेतलं. धुऊन धुऊन बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, त्यांत ते झोंबलं. ती हात वाळेपर्यंत थांबली.

तिने मॅडमच्या हातातलं पेन घेतलं. एरवी ती आडनावासकट पूर्ण सही करत असे. आज तिने नुसतं 'रसिका' लिहिलं.

"शहाण्या आहात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन परत घेतलं आणि खिशाला लावलं.

मग खाटेच्या पायथ्याशी टांगलेली बाटली त्यांनी दोनदा दाबली. बोटांच्या फटींत, अंगठ्याभोवती, मनगटापर्यंत. वीस सेकंद. सकाळपासून पहिल्यांदाच.