शेजारचं लोखंड

नादिरचं मशिन आजही सगळ्यांच्या आधी ओरडलं. बयूमीनं तोंड फिरवलं.

इजिप्तमधल्या तंता शहराबाहेरच्या त्या मैदानात बारा खोदकामगार नऊ दिवस एकच गोष्ट शिकत होते, खोदायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते ओळखायचं. मातीत केबली आणि पाइप मुद्दाम पुरलेले होते. काठीसारखं मशिन हातात धरायचं, हळूहळू चालायचं आणि आवाज सर्वांत मोठा होईल तिथं लाल रंगाची रेषा मारायची. आज परीक्षा होती. पहिला येईल तो टोळीचा मुकादम.

बयूमीनं तेवीस वर्षं कुदळ मारली होती. कुठं खोदायचं ते सगळे त्याला विचारत, आणि तो बुटाची टाच आपटून सांगत असे. आता सगळे नादिरला विचारत. तीन वर्षांपूर्वी टोळीत आलेला हा माणूस मागच्या खिशात वही घेऊन फिरायचा आणि इंजिनीअरबाईंचा शब्द न् शब्द टिपून घ्यायचा. त्याच्या हाताखाली राबायचं या विचारानंच बयूमीच्या घशाखाली घास उतरेना. त्यात नादिर रोज सकाळी त्याच्यासाठी ताअमियाचे गरम वडे भरलेली भाकरी आणायचा. ती खातानाही बयूमी जळायचा.

काल इंजिनीअर इल्हामबाई धडा देत होत्या. "शेजारी लोखंड पुरलेलं असलं, की आवाज तिकडं ओढला जातो. मशिन खोटं बोलत नाही, पण भुलतं."

बयूमीनं यातलं अर्धंच ऐकलं. नादिर वहीत काय लिहितोय हे बघण्यात तो गुंतला होता.

परीक्षेला दोघांचे जमिनीचे तुकडे शेजारी आले. दोन्ही अगदी सारखे, बाईंनी आधीच सांगितलं होतं. बयूमीनं मशिन फिरवलं, आवाज आला, रेषा मारली. झालं. नादिर मात्र तीन फेऱ्या मारूनही उभाच.

"काका, मला इथं काहीतरी खटकतंय," तो दोरीपलीकडून म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? शहाणे तुम्ही! मशिन सांगतंय तिथं मार की."

नादिरनं बयूमीच्या रेषेसमोर बरोब्बर तशीच रेषा मारली, तरी मान हलवत राहिला. मग जेवणाची सुटी झाली. त्याची वही कुंपणाच्या खुंटीवरच राहिली.

सगळे गेल्यावर बयूमी मागं थांबला. त्यानं बुटानं घासून नादिरची रेषा पुसली आणि एक हात डावीकडं नवी मारली. आता खोदताना हा तोंडघशी पडणार. मग तो चहाच्या टपरीकडं निघाला. त्या दिवशी भूक मात्र छान लागली होती.

जेवणानंतर नादिरच्या मागच्या खिशात वही होती. बयूमीनं ती पाहिली आणि नेहमीसारखं नाक मुरडलं.

"आता एकमेकांचे तुकडे खोदा," इल्हामबाई म्हणाल्या. "रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागेत फक्त हातानं उकरायचं. त्यापलीकडं बेधडक कुदळ. केबलला लागली, तर घंटा वाजेल. आणि लक्षात ठेवा, घंटा फक्त इथं वाजते. रस्त्यावर माणूस जळतो."

बयूमीला हर्ष झाला. घंटा आपल्याच हातानं वाजणार! पुसलेल्या रेषेची जागा त्याला पाठ होती. त्यानं नेम धरून कुदळ हाणली.

खण्ण!

घंटा वाजली नाही. खाली गंजका, मेलेला पाइप निघाला. बाईंनी त्याला रेषेवर हातानं उकरायला लावलं. ढोपरभर मातीखाली, नव्या रेषेच्या बरोबर खाली, काळी केबल पडलेली होती.

तेवढ्यात शेजारच्या तुकड्यात नादिरची कुदळ पडली, नियमाप्रमाणे बयूमीच्या रेषेपासून चांगली हातभर डावीकडं. मैदानभर घंटा खणखणली.

म्हणजे बयूमीचीच रेषा चुकली होती.

"चार वर्षं मी हा तुकडा परीक्षेला देतेय," इल्हामबाई म्हणाल्या. "सगळे त्या मेलेल्या पाइपावर रेषा मारतात. नादिर, तुला कसं कळलं?"

नादिरनं कुदळ खाली ठेवली.

"मला नाही कळलं, बाई. माझीही रेषा पाइपावरच होती. वही विसरलो म्हणून परत आलो, तर काका वाकून ती पुसत होते. दुसरी मारली त्यांनी. मी गुपचूप वही घेतली आणि निघून गेलो. कुणी पाहिलेलं त्यांना आवडलं नसतं."

सगळे बयूमीकडं वळले. त्यानं डोळे मिटले. तेवीस वर्षांची अब्रू गेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

"म्हणजे उस्ताद बयूमी," बाईंचा आवाज भरून आला, "तुम्हाला खरी जागा ठाऊक होती? ती याला दिलीत, आणि स्वतःची रेषा चुकीचीच ठेवलीत?"

बयूमीनं तोंड उघडलं. शब्द फुटला नाही.

"बघा, बोलतही नाहीत!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या सुरू झाल्या. बाईंनी मुकादमाची पिवळी टोपी आणून स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवली. उद्या सकाळी स्टेशनसमोरचा रस्ता खोदायचा होता, खाली शहराची मोठी वीजवाहिनी.

नादिर पुढं झाला. त्याचे डोळे ओले होते. त्यानं बयूमीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काका, उद्यापासून तुम्ही टाच आपटाल तिथं मी डोळे मिटून कुदळ मारीन."