दोन तासांचं अंतर

"दोन तासांच्या पलीकडं पोरीला धाडणार न्हाई," असं सारजाबाईनं बजावूनच ठेवलं होतं. दुबईच्या दवाखान्यात नर्सची नोकरी मिळालेली वैष्णवी तिकीट घेऊन धावतच स्वयंपाकघरात आली.

"आई, हे बघ! पुण्यातनं दोनला उडतंय, दुबईला चारला उतरतंय!"

"आगं बया! आपल्या माले गावातनं स्वारगेटला जायला एसटीला बी तेवढंच लागतंय की. जा मग, खुशाल जा!"

वैष्णवीनं आईला गच्च मिठी मारली. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं आणि विमानाला खरे साडेतीन तास लागतात, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी साडेनऊला गाडी दारात आली. स्वयंपाकघरातल्या घड्याळात आठच वाजले होते.

"आई, ह्याचा सेल संपलाय वाटतं."

"कालच नवा घातलाय," वाटेसाठी भाकरी बांधता बांधता सारजाबाई म्हणाली. "तुज्या तितल्या वेळेवर लावलंय. तू कवा जेवतीस, ते मला हितं कळाया नको?"