आडवी बाटली

“बोट दाखव,” नागम्मा म्हणाली.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या म्हातारीनं डाव्या हाताचं बोट वर केलं. शाई अजून ओली होती. नागम्मानं मान हलवली आणि पुढचीला अडवलं. “तुझं?”

कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या वसाहतीत सकाळपासून हेच चाललं होतं. दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर मतदान. तेही फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का मारायचा. मेख एवढीच, की यादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर मारायला हवा. जी घरी बसली, तिचं मत दुकानदाराच्याच पदरात.

नागम्माला बाकी राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला शिवू वाचवायचा होता. ऐन पंचविशीतला पोरगा, डोळे हळदीसारखे पिवळे. सोलापुरातल्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं, आता एक घोटही नको. शिवूनं आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथही घेतली होती. पण दुकान गल्लीच्या तोंडाशीच. पोरगा कामाला निघाला की शपथ तिथवरच टिकायची.

सकाळी सगळ्यांत आधी रांग धरली ती नागम्मानंच. मग मागच्या गल्लीतल्या बाया हलेनात, असं कुणीतरी सांगत आलं, आणि ती पदर खोचून जी निघाली ती निघालीच. कुणाचं पोर सांभाळलं, कुणाच्या सासूची समजूत काढली, कुणाच्या मांडीवरचं विड्यांचं सूप उचलून बाजूला ठेवलं. “विड्या काय पळून जातात व्हय? ऊठ की!” तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

मतदान पाचला संपणार होतं. साडेचारला जमीला घामाघूम होऊन आली. शेजारच्या गल्लीतल्या बाया आणायचं काम तिच्याकडं होतं.

“माझी गल्ली झाली, नागम्मा. तुझी?”

“रत्नम्मा तेवढी दिसली न्हाय.”

“तिचा नवरा सोडंल व्हय तिला?”

रत्नम्माचा नवरा अमरेश त्याच दारूच्या दुकानात कामाला होता. दोघी त्याच्या घरी पोचल्या तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि तो पायरीवर बसला होता.

“रत्नम्मा कुटं हाय?”

“जेऊरला. माहेरी.”

“कवा गेली?”

“तुला काय करायचंय?”

तेवढ्यात आतून पत्रा वाजला. एकदा, मग पुन्हा. अमरेश उठून उभा राहिला. हा माणूस बाईवर हात उचलायला मागंपुढं पाहत नाही, हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. तिनं शेजारच्या पाट्यावरचा वरवंटा उचलला.

“बाजूला हो. न्हाईतर कुलपाआधी तुझं डोस्कं फुटंल.”

जमीलानं हाळी दिली. आजूबाजूची दारं उघडली, बायका येऊन उभ्या राहिल्या. अमरेश एकेकीकडं बघत बाजूला सरकला. नागम्मानं घाव घातले आणि कोयंडा निखळला.

रत्नम्माचा ओठ सुजला होता. “आज गेलीस तर ह्या घरात परत पाय ठेवायचा न्हाय,” अमरेश ओरडला. ती चप्पल न घालताच निघाली.

नागम्मा तिला घेऊन पळत शाळेशी आली तेव्हा शिपाई फाटक ओढत होता. नागम्मानं फटीत खांदा घातला आणि रत्नम्माला आत ढकललं. “आडवी! ध्यानात ठेव, आडवी!” फाटक लागलं. ती तिथंच बाहेर लिंबाखाली बसली. दिवसभर पोटात अन्न नव्हतं, पण आता जिवाला जरा बरं वाटत होतं.

दिवेलागणीला निकाल आला. अधिकाऱ्यांनी कागद वाचून दाखवला. उभ्या बाटलीला अगदी मोजकी मतं. आडवीला यादीतल्या बरोबर निम्म्या बायकांची.

“म्हंजी जिंकलो की!” कुणीतरी ओरडलं.

“नाही ताई. निम्म्याहून जास्त हवी होती. एक मत कमी पडलं. दुकान राहणार.”

पलीकडं फटाक्यांची माळ लागली. गल्लीच्या तोंडाशी शटर खडखडत वर गेलं. गर्दीच्या कडेला उभा असलेला शिवू आईकडं न बघताच तिकडं वळला.

एकच मत! नागम्मा रत्नम्मावर धावून गेली. उजव्या हातानं तिचं मनगट पकडलं आणि डाव्या हाताचं बोट तिच्या तोंडापुढं नाचवलं.

“नवऱ्याला भ्यालीस! उभीवर शिक्का मारलास! माझ्या पोराचा जीव घेतलास, सटवे!”

रत्नम्मानं मनगट सोडवून घेतलं नाही. सुजल्या ओठानं ती काहीतरी सांगू बघत होती. मग तिची नजर समोरच्या त्या बोटावर थांबली. जमीलानंही बघितलं. एकेक करत सगळ्या बायका पुढं सरकून बघू लागल्या.

नागम्माचं बोट तंबाखूनं पिवळं पडलं होतं. शाईचा त्यावर ठिपकासुद्धा नव्हता.