गोरज मुहूर्त

ऊन उतरलं तसा हिरामण जागा झाला. कारखान्याने रातपाळीवाल्यांना टोचलेली सुई तशीच होती. ऊन असेपर्यंत गाढ झोप, मग रात्रभर टक्क जाग. ती कुणालाच उलटवता येत नव्हती. त्याच्या रेवतीला तिच्या कंपनीने दिवसपाळीची सुई टोचली होती. अंधार पडला की ती असेल तिथे झोपायची. बापलेकीची गाठ पडायची ती फक्त तिन्हीसांजेला, एका चहापुरती. म्हणून तिने हट्टाने गोरज मुहूर्त धरला होता.

फेटा सावरत तो मांडवात पोचला. अंतरपाटामागून रेवती त्याच्याकडे बघून हसली.

“बाबा, अक्षता पडल्या की आधी तुमच्याच पाया पडणार.”

भटजींची मंगलाष्टकं संपली तेव्हा अजून उजेड होता. मग हिरामणच्या बहिणीने, शकूताईने, स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं. त्यात दोन्ही घरांतल्या सगळ्यांची नावं होती.

“ताई, आवर गं,” हिरामण कळवळून म्हणाला.

“एकुलती एक भाची आहे माझी,” म्हणत तिने पुढचं कडवं लावलं.

अंतरपाट दूर झाला तेव्हा रेवती मामाच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. नवऱ्याने तसाच हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाठवणीला हिरामणने तिला लहानपणीसारखं उचलून गाडीत बसवलं. सासरी ती उठेल तेव्हा तो झोपलेला असणार होता.

“नीट राहा गं,” तो तिच्या कानाशी म्हणाला.

गाडी गेली. सगळी रात्र पुढे पडली होती आणि त्याला डोळा लागायची सोय नव्हती.