लांब बाह्या

बागेतल्या चौथऱ्यावर व्हायोलिनवाल्याने सूर लावले, आणि कवयित्रीची नजर समोरच्या श्रोत्यांवर गेली. परगावी गेलेला तिचा नवरा न कळवता परतून, सासूबाईंना घेऊन तिसऱ्या रांगेत बसला होता.

"दुसरी कविता घेऊ या का?" ती व्हायोलिनवाल्याकडे झुकून कुजबुजली.

"महिनाभर हीच बसवलीय आपण. तुम्ही वाचा, मी आहे सोबत."

ती वाचू लागली. दंडावरचे वळ झाकायला भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालणाऱ्या बाईची ती कविता होती. ती बाई कोण, हे नवऱ्याला लगेच कळलं. तो ताडकन उठला. ती वाचायची थांबली.

सासूबाईंनी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. "ऐकू दे मला. माझंच आयुष्य वाचतेय ती."