गुडघ्याएवढी राणी

महाराजांच्या मूर्तीशेजारी राणी गुडघ्याएवढीच घडवायची, हे थीब्सचा मूर्तिकार सेनबी बापाकडून शिकला होता. पण ही राणी मुळी ऐकेचना. काल त्याने तिला छाटून पुन्हा गुडघ्यावर आणली, तर आज सकाळी ती महाराजांच्या छातीला लागली होती.

"हा दगड आहे की फुगायला ठेवलेलं पीठ?" तो करवादला.

त्याची बायको हेनुत भाकरी घेऊन आली होती. "राहू द्या की उंच. राणी आहे ती, तुमची बायको नाही!"

"तुझं काय जातंय? मान माझी जाईल!"

त्याने राणीच्या डोक्यावर छिन्नी टेकवली आणि संतापून हातोडा हाणला.

मागे हेनुत हसली. हसणं फार वरून आलं.

खेकसायला तो गर्रकन वळला. तोंडासमोर तिचा गुडघा होता.